समोरचं विमान दिसतंय

हे बोलायला मी आजवर तोंड उघडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. आई गेली, तिला माहीत नव्हतं. ज्या वर्तमानपत्रात मी नऊ वर्षं काम करतो तिथल्या कुणाला माहीत असण्याचा प्रश्न येत नाही. मी कधीकाळी विमान चालवायचो एवढंच त्यांना ठाऊक आहे, आणि तेही चेष्टेचा विषय म्हणून. कुणी नवीन माणूस आला की आमचा छायाचित्रकार ओळख करून देतो : "हे आमचे साहेब, आधी हवेत होते, पगार बघून खाली उतरले." मी हसतो.

तुम्हालाच का सांगतोय? नीट उत्तर देता येणार नाही. बातमी लिहिताना पहिल्या दोन ओळींत सगळं सांगून टाकायचं असतं — कोण, कुठं, केव्हा, काय. हाताला ती सवय आहे. इथं ते होत नाहीये. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पहिल्या ओळीत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं. म्हणून आता जसं येईल तसं लिहितो.

नावं बदलली आहेत. मुलीचं बदललं आहे, तिच्या वडिलांचंही. माझं बदललेलं नाही, ते लेखावर आहेच.

बारा वर्षांपूर्वी जालन्याबाहेरच्या माळावर एक फ्लाइंग क्लब चालायचा. आता नाही. तीन विमानं होती, दोन-दोन आसनांची, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. आम्ही चौदा-पंधरा विद्यार्थी. बहुतेक बाहेरचे — पुण्याचे, नागपूरचे, एक सुरतेचा. जिल्ह्यातले दोघंच. एक मी, जालन्यातल्या मस्तगडचा, बापाचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. दुसरी रेश्मा शेख, जाफराबादची. तिचे वडील, हमीदभाई, जाफराबाद ते जालना काळी-पिवळी जीप चालवायचे. सोमवारी सकाळी ते तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून आणायचे आणि धावपट्टीच्या कुंपणाशी सोडायचे. मागं दहा-बारा प्रवासी दाटीवाटीनं बसलेले असायचे. ते सगळे माना बाहेर काढून विमानं बघायचे आणि हमीदभाई त्यांना दोन मिनिटं बघू द्यायचे.

तिथल्या उडण्याबद्दल थोडं सांगावं लागेल. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

शेजारच्या जिल्ह्यात मोठा विमानतळ आहे. प्रवासी विमानं तिकडं उतरताना आमच्या डोक्यावरून जायची. त्यांच्यासाठी वरची जागा राखलेली. आम्ही छोट्या विमानांनी तिच्या खाली राहायचं. फार खालीही जायचं नाही, कारण इंजिन बंद पडलं तर उतरायला शेत निवडायला वेळ हवा. म्हणजे वर त्यांची हद्द, खाली कापूस आणि सोयाबीन, आणि मध्ये एक पातळ थर. सगळे विद्यार्थी त्याच थरात. आकाश केवढंही मोठं असो, आमच्या वाट्याला एवढंच यायचं.

त्या थरात उडताना विमानतळाच्या रडारवर बसलेल्या माणसाशी रेडिओवर बोलत राहायचं असा नियम होता. तो आम्हाला चालवत नसे. तो फक्त सांगायचा. त्याच्या पडद्यावर ठिपके दिसतात; तुमच्या ठिपक्याजवळ दुसरा ठिपका आला की तो कळवतो. दिशा घड्याळाच्या आकड्यांत — बारा वाजता म्हणजे नाकासमोर, तीन वाजता म्हणजे उजव्या हाताला. मग अंतर. मग उंची, जर त्या विमानाचं यंत्र ती कळवत असेल तर. आमच्या क्लबच्या एका विमानाचं यंत्र उंची कळवत नसे. त्या विमानाबद्दल सांगताना तो म्हणायचा, "उंची माहीत नाही."

यावर उत्तर द्यायची पद्धत ठरलेली. "लुकिंग आउट" म्हणजे अजून दिसलं नाही, शोधतोय. "इन साईट" म्हणजे दिसलं. दिसत नसेल आणि काळजी वाटली तर म्हणायचं, वळायचा सल्ला द्या, तो देतो. पण एकदा तुम्ही "इन साईट" म्हणालात की त्याचं काम संपलं. आता तुम्ही बघताय, तुम्हीच टाळायचं. तो पुढच्या विमानाकडं वळतो. त्याच्याकडं एका वेळी चार-पाच विमानं असायची, त्यांतली एक-दोन माणसांनी भरलेली.

म्हणजे सगळा व्यवहार त्या दोन शब्दांवर चालतो. त्याला आकाश दिसत नाही. तुम्ही म्हणाल ते तो खरं धरतो. दुसरं काय करणार?

आता फळ्याबद्दल.

आमचे मुख्य प्रशिक्षक निवृत्त गृहस्थ होते, सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. त्यांच्या खोलीत रेडिओ दिवसभर चालू असे, त्यामुळं वर कोण काय बोललं ते त्यांना खाली कळायचं. "लुकिंग आउट" म्हणणाऱ्याला ते उतरल्यावर विचारायचे, "काय रे, मोतीबिंदू झालाय का? नेत्रशिबिरात नाव घालू?" त्यावरून पोरांनी कँटीनमधल्या फळ्यावर एक कोपरा आखला. वर लिहिलं 'शिबिर'. खाली नावं, आणि नावापुढं त्या आठवड्यात कितीदा "लुकिंग आउट" म्हणालात त्याच्या रेघा. सगळ्यांत जास्त रेघा ज्याच्या, त्यानं शनिवारी काळा चष्मा लावून सगळ्यांना चहा द्यायचा. चष्मा खिडकीत ठेवलेला असायचा, एक काडी मोडलेला.

गंमत होती. मी खोटं सांगत नाही, खरंच गंमत होती. पण तिचा परिणाम असा झाला की महिन्याभरात आम्ही सगळे पहिल्या हाकेलाच "इन साईट" म्हणायला शिकलो. आधी दिसलं म्हणायचं, मग शोधायचं. बहुतेक वेळा सापडायचंही. नाही सापडलं तर ते आपलं आपण बाजूनं निघून जायचं. असं शेकडो वेळा झालं असेल. कुणालाच काही वाटेनासं झालं.

रेश्मा सोडून. तिच्या रेघा फळ्याच्या कडेपर्यंत गेलेल्या असायच्या. एका शनिवारी ती चष्मा लावून चहा देत होती तेव्हा कॅप्टनसाहेब म्हणाले, "बाई, सगळ्या जगाला दिसतं, तुलाच कसं दिसत नाही?"

"जे दिसलं न्हाई सर, ते दिसलं कसं म्हणू?"

"मग नंबरचा चष्मा कर."

"चष्म्यातून बी नसलेलं दिसत न्हाई सर. हा लावून तर तुम्ही बी दिसून न्हाई राह्यले."

सगळे हसले. कॅप्टनसाहेबही हसले. तिनं त्यांच्यापुढं कप ठेवला. तिच्या डोळ्यांची सरकारी तपासणी निर्दोष होती, हे सांगून ठेवतो. माझ्यापेक्षा चांगली होती. मला डाव्या डोळ्याला थोडा नंबर आहे.

मी टाळाटाळ करतोय, हे माझ्या लक्षात येतंय. त्या दिवसाकडं येतो.

दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. हवेत धुरळा असतो तेव्हा. वर गेलं की सगळं पांढुरकं, जमीन नीट दिसते पण समोर काही नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. मी एकटाच होतो. माझे एकट्यानं उडायचे तास भरत आले होते, तीन आठवड्यांनी परीक्षा होती. उत्तरेकडं जायचं आणि परत यायचं, एवढंच काम.

आई दर चतुर्थीला एसटीनं राजूरला जायची, गणपतीला. तिनं सांगून ठेवलं होतं, "एकदा वरून आपल्या देवळाचा फोटो काढून आण. देवाला लोक खालून बघतात, वरून कसा दिसतो बघू दे." मी राजूरवर एक गिरकी घेतली. उजव्या हातानं विमान, डाव्या हातात मोबाईल. तीन फोटो काढले. मग विमान जालन्याच्या दिशेला सरळ केलं आणि मान खाली घालून फोटो कसे आलेत ते बघू लागलो. उन्हामुळं पडदा दिसेना. मी फोन तिरका करून बघत होतो.

तेवढ्यात रडारवाल्याचा आवाज आला. माझं नाव घेऊन — म्हणजे विमानाचं नाव घेऊन — तो म्हणाला, बारा वाजता, तीन मैल, समोरून येतंय, उंची माहीत नाही.

मी मान वर केली नाही. "ट्रॅफिक इन साईट" म्हणालो.

एवढंच.

हे लिहायला मला बारा वर्षं लागली, आणि लिहिल्यावर ते किती लहान दिसतंय. तुम्ही म्हणाल, मग काय झालं? थांबा. मान वर न करता बोललो, हा काही सर्वांत वाईट भाग नाही. वाईट भाग पुढचा आहे.

दोन छोटी विमानं समोरासमोर येत असतील तर तीन मैलांना साधारण एक मिनिट लागतं. त्या मिनिटात रेडिओवर जे बोलणं झालं ते मी ऐकलं. सगळं. एकाच वाहिनीवर होतो आम्ही. रडारवाल्यानं समोरच्या विमानालाही माझ्याबद्दल सांगितलं. समोरून रेश्माचा आवाज आला — तेव्हा मला कळलं की समोर ती आहे. ती म्हणाली, दिसत नाही. मग म्हणाली, वळायचा सल्ला द्या.

आणि तो तिला म्हणाला : समोरच्याला तुम्ही दिसताय. आहे त्या दिशेनं चालू ठेवा.

त्याची काही चूक नव्हती. त्यानं माझे शब्द खरे धरले. तिनं त्याचे धरले.

आता मी मान वर केली होती. समोर पांढरं होतं. मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, वर, खाली. काही नव्हतं. फोन डाव्या हातातच होता. मला माहीत होतं की ती समोरून येतेय. मला माहीत होतं की ती वळणार होती आणि माझ्यामुळं वळली नाही. रेडिओचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. ते दाबून चार शब्द बोलायचे होते — चुकलं, मला दिसत नाही. एका मिनिटातला अजून निम्मा वेळ उरला असेल. अर्धं मिनिट म्हणजे पुष्कळ वेळ असतो. करून बघा, घड्याळ लावून गप्प बसा.

मी बोललो नाही. मी शोधत राहिलो. मला वाटलं आत्ता दिसेल, आणि दिसलं की माझं बोलणं खरं होईल.

फळ्याची भीती होती का? एका रेघेची? परीक्षेची? रेडिओवरचं बोलणं टेप होतं, आधी दिसतंय म्हणून मग नाही म्हणणं त्या टेपवर राहील, याची? खरं सांगायचं तर त्या वेळी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. डोकं रिकामं होतं. तोंडातून आलेलं मागं घ्यायचं असतं ही कल्पनाच नव्हती.

मग समोर एक विमान होतं. लांबून मोठं होत आलं असं झालं नाही. नव्हतं आणि एकदम होतं. त्याचं नाक खाली गेलं आणि ते माझ्या खालून गेलं. मला त्याच्या पंखाची वरची बाजू दिसली. तिथला रंग उडालेला होता, पोपडे आलेले, ते मला दिसले. इतकं जवळ. माझं विमान थोडं हललं. मी विमान वळवायची काठी धरून बसलो होतो तसाच बसलो होतो. मी काहीही केलं नाही. वळलो नाही, वर गेलो नाही. जे केलं ते तिनं केलं.

रडारवाल्यानं विचारलं, समोरचं विमान गेलं का? मी म्हणालो, गेलं, खालून, अंतर चांगलं होतं. माझा आवाज टेपवर शांत आहे. मी नंतर ऐकला आहे.

रेश्मानं विमान फार खाली जाऊन सावरलं. परत आली, पण उतरताना विमान आपटलं. पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीला लागून वाकला. तिच्या हनुवटीला पाच टाके पडले.

मी तिच्या वीस मिनिटं आधीच उतरलो होतो, व्यवस्थित. संध्याकाळी तिन्ही फोटो पुसले. आईला सांगितलं, धुरळा होता, काही दिसलं नाही. त्यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं होतं.

चौकशी क्लबातच झाली. वर कळवायचं ते कळवलं गेलं, पण काय कळवायचं ते कॅप्टनसाहेबांच्या खोलीत ठरलं. प्रश्न एकच होता : रेश्मानं खाली झेप घेतली ती गरज होती म्हणून, की घाबरून? तिच्या विमानाचं यंत्र उंची कळवत नव्हतं, त्यामुळं दोन्ही विमानं एका उंचीवर होती की नव्हती ते रडारवरून कुणी सांगू शकत नव्हतं. टेपवर मी "इन साईट" म्हटलेलं होतं. ती "दिसत नाही" म्हणालेली होती. बघणारा एकटा मी होतो, असं त्या टेपवरून कुणालाही वाटेल.

माझा जबाब तीन वाक्यांचा आहे. समोरील विमान मला प्रथमपासून दिसत होते. दोन्ही विमानांच्या उंचीत सुमारे पाचशे फुटांचे अंतर होते. समोरील विमानाने कोणतेही कारण नसताना अचानक खाली झेप घेतली. खाली माझी सही.

मला कुणी असं लिहायला सांगितलं नव्हतं. पाचशे फूट हा आकडा मी स्वतः शोधला. चारशे लिहावेत का, याचाही विचार केला होता, आठवतंय. 'कोणतेही कारण नसताना' हे शब्द तर कुणी विचारलेच नव्हते. नंतर पोटासाठी मी हजारो लोकांचे जबाब वाचले, अपघातांचे, भांडणांचे. माणूस खोटं बोलत असला की तो न विचारलेल्या गोष्टीचंही उत्तर देऊन ठेवतो. हे मला त्या जबाबांवरून कळलं असं मी कनिष्ठांना सांगतो. तसं नाहीये.

रेश्मा त्या खोलीत उभी होती, हनुवटीवर पट्टी. ती म्हणाली, "त्यांचं विमान माझ्या बराबर समोर होतं सर. एका उंचीवर. त्यांनी मला पाहिलंच न्हाई. त्यांच्या हातात मोबाईल होता."

कॅप्टनसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुला तीन मैलांवरचं विमान दिसत नाही," ते म्हणाले, "आणि त्या विमानातल्या माणसाच्या हातातला मोबाईल दिसतो?"

खोलीत आणखी दोघं होते, ते हसले. मीही हसलो. तिच्या बोलण्यातला एकेक शब्द खरा आहे हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. मोबाईल दिसला म्हणजे आम्ही किती जवळ होतो याचा तो एकमेव पुरावा होता. तोच तिच्याविरुद्ध गेला. माझा फोन कुणी मागितला नाही.

मग कुणीतरी फळ्याचा विषय काढला. एवढ्या रेघा हिच्याच कशा? मुळातच नजर कमी, मन कच्चं. अहवालात फळा नाही, पण 'समोरील वाहतूक वेळेत न दिसण्याचा पूर्वीचा कल' असं वाक्य आहे. जी कधी खोटं बोलली नाही तिच्या खरं बोलण्याची ती मोजणी होती. ती आम्ही हसत हसत केली होती, खडूनं.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर थांबली. "दादा," ती म्हणाली, "तुम्ही मला पाहिलं न्हाई."

विचारत नव्हती. आवाजही चढवला नव्हता. मी म्हणालो, "अगं, टेप ऐक ना."

तिचं एकट्यानं उडणं बंद केलं. पहिल्यापासून सगळं प्रशिक्षकाबरोबर करायचं, मग बघू, असं सांगितलं. दोन आठवडे ती आली. तिला उडायला विमान मिळेना. एक तिच्या हातून मोडलेलं, एक नेहमीसारखं दुरुस्तीला, आणि उरलेल्या एकावर परीक्षा जवळ आलेले आम्ही. तिसऱ्या सोमवारी हमीदभाई जीप रिकामी घेऊन आले. तिची वह्या-पुस्तकांची पेटी मागं ठेवली. कॅप्टनसाहेबांना हात जोडले. मी तिथंच होतो. मला म्हणाले, "सर, वर सांभाळून राहा."

माझी परीक्षा झाली. मी पास झालो. परवाना मिळाला. नोकरी मिळाली नाही. दोन वर्षं अर्ज केले, मग दुकानात बसलो, मग वर्तमानपत्र. मी उडणं सोडलं त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. तसा संबंध जोडून सांगितला तर बरं दिसेल, हे मला कळतं. पण नोकरी मिळाली असती तर मी आज कुठल्या तरी विमानात पुढं बसलेला असतो, आणि "इन साईट" म्हणत असतो.

इथवर जे सांगितलं ते तरुणपणी झालं. मी चोवीस वर्षांचा होतो. हे वाचताना तुम्ही एव्हाना मनात थोडी सूट दिली असेल — नाही का? देऊ नका. अजून एक आहे, आणि ते मागच्या वर्षी झालं.

निवडणुकीच्या कामासाठी मी जाफराबादला गेलो होतो. काम आटोपून जीपच्या थांब्याशी चहा घेत होतो. मागून कुणी म्हणालं, "सर, तुम्ही जालन्याचे विमानवाले ना?"

हमीदभाई म्हातारे झालेत. जीप आता पुतण्या चालवतो, ते पुढं बसून प्रवासी गोळा करतात. त्यांनी माझ्या चहाला दुसरा चहा जोडायला लावला, माझं लग्न, मूल, आई, सगळं विचारलं. मग रेश्माचं सांगितलं. ती गणिताच्या शिकवण्या घेते. पोरं चांगल्या मार्कांनी पास होतात. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, आता त्यांच्याकडंच असते. "पोरं म्हणतात, बाई लई कडक हाये," ते म्हणाले. "उत्तर माहीत नसलं तर माहीत न्हाई म्हणा, अंदाज नका मारू, असं शिकवती."

मग त्यांनी कप खाली ठेवला.

"एक बात विचारू का सर? राग नका मानू. आमची पोरगी आजबी म्हणती, अब्बा मी घाबरले न्हाई. मी म्हणतो जाऊ दे बेटा, झालं ते झालं, लहान होती तू. तर भांडती माझ्याशी. अकरा वर्षं झाली, ह्या एका गोष्टीवर भांडती. तुम्ही तर समोरून पाहून राह्यले होते. बिलकुल खरं सांगा. घाबरल्ती का ती?"

माझ्यापुढं काय होतं? परीक्षा नव्हती. परवाना कधीच संपलेला. क्लब बंद, कॅप्टनसाहेब हयात नाहीत, टेप कुणी जपून ठेवली असेल असं वाटत नाही. माझ्या नोकरीचा याच्याशी संबंध नाही. खरं बोललो असतो तर एका म्हाताऱ्या माणसासमोर मला दोन मिनिटं वाईट वाटलं असतं. तेवढंच.

मी म्हणालो, "हो हमीदभाई. मला दिसत होती ती. थोडी घाबरली होती. होतं असं सुरुवातीला, सगळ्यांचंच होतं."

'सगळ्यांचंच होतं' हेही न विचारलेलं. समजूतदारपणानं म्हणालो मी ते. त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला.

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक है," ते म्हणाले. "मी म्हणल्तोच तिला. आज घरी गेलो की सांगतो, समोरून पाहणारा माणूस बी तेच म्हणला. मंग तरी डोक्यातून काढल." चहा त्यांनी मला पाजला. पुतण्यानं हॉर्न दिला, ते जीपमध्ये पुढं जाऊन बसले, मला हात केला.

त्या संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं असेल. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. पूर्वी ती एका चौकशीशी भांडत होती. आता तिच्या घरात, तिच्या बापाच्या तोंडून, मी बोललो. तिचं न पटणाऱ्या बापाला तोवर निदान शंका तरी होती. ती शंका मी मिटवली.

जे घडलं ते असं आहे. ती माझ्याच उंचीवर होती. मी तिला पाहिलेलं नव्हतं. माझ्या हातात मोबाईल होता. ती घाबरली नाही. तिनं मला पाहिलं आणि विमान खाली घेतलं, म्हणून आम्ही दोघं जिवंत उतरलो. जाफराबाद इथून दीड तासावर आहे. मी गेलेलो नाही.